चौदा मिनिटांचा डोंगर

हरिहर सरांनी चंद्राला चौदा मिनिटं उशीर लावला त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली. एवढ्या काळात त्याबद्दल कोणी तक्रार केली नव्हती. उपासाच्या दिवशी उशीर झाला तर माणूस आपल्याला थोडं जास्त पुण्य लागलं असं धरून चालतो. तक्रार कशाला करील?

सर रत्नागिरीतल्या एका शाळेत गणित शिकवायचे. शाळेत संगणक आला तेव्हा बाकीचे शिक्षक त्यावर पत्ते खेळायला शिकले आणि सरांनी संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ काढणारा प्रोग्राम लिहिला. कारण घरातलंच होतं. मालिनीकाकू, म्हणजे त्यांची बायको, संकष्टी कडक करायच्या. चंद्र डोळ्यांनी दिसल्याशिवाय घास घ्यायच्या नाहीत, आणि त्यांनी घास घेतल्याशिवाय सरांचं पान वाढलं जायचं नाही. भुकेची नेमकी वेळ कळली तर भूक सोसते, असा सरांचा हिशेब.

सूत्रं त्यांनी पुस्तकातून घेतली. पण पुस्तकातला चंद्र आणि खळ्यातला, म्हणजे घरापुढच्या अंगणातला, चंद्र जुळेना. सर घड्याळ घेऊन खळ्यात उभे राहू लागले. एक संकष्टी नव्हे, चांगलं वर्षभर, पावसाळ्याचे ढगाळ महिने सोडून. दर वेळी चंद्र साधारण चौदा मिनिटं मागे. पुस्तक परदेशी माणसाचं होतं, त्याला कोकणातलं काय कळणार, असं म्हणून सरांनी उत्तरात चौदा मिनिटं मिळवली आणि त्या चौदाला d असं नाव ठेवलं.

त्यांच्या घराच्या पूर्वेला डोंगराचा सडा, म्हणजे कातळाचा माळ, चढत जातो. वर कोणाकोणाच्या काजूच्या बागा आहेत. चंद्राला उगवल्यावर हे सगळं ओलांडून यायला वेळ लागतो. ही गोष्ट सरांच्या ध्यानात कशी आली नाही, असं कोणी विचारील. सर गणिताचे. भूगोलाला दुसरे शिक्षक होते.

पुढे त्यांचा मुलगा सलिल इंजिनियर झाला, पुण्याच्या कंपनीचं काम रत्नागिरीत घरी बसून करू लागला आणि एका मे महिन्यात बाबांचा तो प्रोग्राम त्याने नव्या भाषेत उतरवून इंटरनेटवर मोकळा सोडला. मोकळा म्हणजे ओपन सोर्स. कोणीही घ्यावा, आपल्या ॲपात जोडावा, आणि बिघडला तर ज्याने फुकट दिला त्याला शिव्या द्याव्यात, अशी ती पद्धत आहे. सलिलने सगळं नीट उतरवलं. d सुद्धा. बाबांनी घातलंय म्हणजे काहीतरी असणार, एवढा विश्वास त्याने आयुष्यात दुसऱ्या कुठल्या बाबतीत बाबांवर दाखवला नव्हता.

अशा उसन्या घ्यायच्या प्रोग्रामला लायब्ररी म्हणतात. ती चालली. कॅलेंडरवाल्यांनी घेतली, देवळांच्या वेबसाइटनी घेतली. d म्हणजे काय, यावर परदेशातल्या लोकांनी चर्चा केली. जर्मनीतल्या एकाने ती वातावरणातल्या वक्रीभवनाची दुरुस्ती आहे असं तीन परिच्छेदांत सिद्ध केलं. सरांनी ते छापून घेऊन भिंतीवर लावलं.

यंदा, अंगारकीच्या आठवडाभर आधी, लायब्ररीच्या पानावर एक तक्रार आली. तिथे सगळे इंग्रजीत लिहितात. ही इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी होती आणि खाली फोन नंबर होता. सलिलने फोन लावला.

"सलिलदादा काय? मी संदेश. सावर्ड्याचा. आता भांडुपला असतो."

"बोला."

"तुमचा चंद्र लेट हाय."

"आमचा?"

"निशिगंधा मॅडमचं उपासाचं ॲप हाय ना, घंटी वाजते ती? तिला विचारलं, ती म्हणाली चंद्र आपला नाय, रत्नागिरीहून येतो."

संदेशची आई विमलाबाई गावी एकटी राहते. साखरेचा आजार. डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितला, तिने डॉक्टर बदलला. दुसऱ्याशी तडजोड झाली ती अशी, की दिवसभर मधून मधून काहीतरी पोटात घालायचं आणि चंद्रोदय झाला की एक मिनिट न दवडता जेवायचं. ते मिनिट चुकू नये म्हणून संदेशने तिच्या मोबाईलवर घंटी लावून दिली. गेल्या संकष्टीला ती पान वाढून घंटीची वाट बघत बसली आणि बसल्या जागी आडवी झाली. शेजारणीने तोंडात साखर घातली म्हणून निभावलं.

"आणि चंद्र?" सलिलने विचारलं.

"चंद्र समोर व्हता! शेजारीण म्हणते, अगो बाय, हा बघ, चांगला वर आलाय. आये म्हणते, घंटी नाय झाली."

"तुम्ही सांगा ना त्यांना, चंद्र दिसला की जेव म्हणून."

"सांगितलं. म्हणते, तू मुंबईत, तुझा चंद्र येगळा. एकदा पंचांगात भलत्याच गावची वेळ बघून ती लवकर जेवली व्हती. त्याच आठवड्यात बापूस गेला माझा. त्याला आता वीस वर्षं झाली, पन तिच्या डोक्यातनं जात नाय. उशीर चालंल म्हणते, लवकर नाय. आता मंगळवारी अंगारकी. परत पडली तर कोण हाय तिथं?"

सलिलने फोन ठेवला आणि आकडे काढले. पुस्तकी सूत्राने येणारी वेळ आणि लायब्ररीची वेळ यांत सरळ चौदा मिनिटांचं अंतर होतं. तो माजघरात गेला. सर पेपर वाचत होते.

"बाबा, d म्हणजे काय?"

"दुरुस्ती."

"कसली?"

"मोजून घातली आहे. वर्षभर मोजली. चल, दाखवतो." सर चपला घालून खळ्यात गेले, पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले आणि हात लांब केला. "मी इथे उभा राहायचो, आणि चंद्र बरोब्बर तिथे..."

सरांचा हात डोंगराकडे होता. तो त्यांनी खाली घेतला.

"कोणाकोणाकडे गेलंय हे?" त्यांनी विचारलं.

"टोरांटोपर्यंत."

मालिनीकाकू तुळशीशी होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "म्हणजे टोरांटोच्या बायका आपल्या डोंगरासाठी थांबतात?" त्या म्हणाल्या.

"तुझं मात्र बरोबरच होतं," सर म्हणाले. "या घरापुरतं उत्तर अचूक आहे."

"हो, ते बरंय. बाकीच्या जगाने इथे राहायला यावं."

सलिलला वाटलं होतं, काम पाच मिनिटांचं आहे. चौदाच्या जागी शून्य घालायचं. सभ्य माणूस म्हणून त्याने आधी पानावर सूचना लावली, की एक जुनी चूक सापडली आहे, आज दुरुस्त करत आहे. तासाभरात एका मोठ्या कॅलेंडर कंपनीच्या माणसाचा फोन आला.

"काही दुरुस्त करू नका."

"अहो, चौदा मिनिटांची चूक आहे."

"माहीत आहे. आम्ही सहा वर्षं तुमच्या उत्तरातून चौदा वजा करतो."

"मग कळवलं का नाहीत?"

"चालत होतं."

मग तो माणूस समजावणीच्या सुरात पुढे म्हणाला, "हे बघा, तुम्ही आज तुमची चौदा काढलीत आणि आमची वजाबाकी तशीच राहिली, की आमची लाखो माणसं अंगारकीला चंद्र उगवायच्या चौदा मिनिटं आधी जेवणार. अंगारकीला! उद्या पेपरात येईल. व्रत मोडलं तर मोडलं कोणी? आम्ही की तुम्ही?"

"तुम्ही वजाबाकी काढून टाका मग."

"काढू की. दिवाळीनंतर. आत्ता सगळी माणसं पुढच्या वर्षाच्या छपाईत आहेत."

माणूस निर्लज्ज होता, पण हिशेब खोटा नव्हता. उशिराचा तोटा भुकेचा, तो ज्याचा त्याने सोसून मिटतो. लवकरचा तोटा व्रताचा, आणि तो भरून द्यायला सलिलकडे काही नव्हतं. शिवाय असे वजाबाकी करून गप्प बसलेले आणखी किती, ते कळायला मार्ग नव्हता. चूक सापडली की कळवणारा एक असतो. बाकीचे आपल्यापुरती सोय करून घेतात आणि मग त्या सोयीवर बायकामुलांचा संसार उभा करतात. एकदा आपण चारचौघांना सांगितलं, की आपल्या प्रोग्रामला या नावाने हाक मारा म्हणजे असं उत्तर मिळेल, तर मग ते उत्तर चुकीचं असलं तरी आपलं राहत नाही.

म्हणून सलिलने या धंद्यातली शहाणी माणसं करतात तेच करायचं ठरवलं. जुन्या नावाने हाक मारली तर जुनंच उत्तर, डोंगरासकट. नव्या नावाने मारली तर बिनडोंगराचं उत्तर, आणि ज्याला हवा त्याने आपापला डोंगर स्वतः सांगावा. जुनं वापरणाऱ्याला प्रत्येक वेळी एक इशारा दिसेल आणि दीड वर्षाने जुनं बंद होईल.

नव्या नावावरून घरात दोन दिवस गेले. सलिलने 'खरा चंद्रोदय' सुचवलं.

"म्हणजे माझा खोटा?" सर म्हणाले.

"नाही बाबा, पण..."

"मी डोळ्यांनी पाहिलाय तो. तुझा कोणी पाहिलाय? तुझा क्षितिजावर आहे. इथे क्षितिज दाखव मला."

शेवटी 'क्षितिज चंद्रोदय' ठरलं. इशाऱ्यात 'चूक' हा शब्द नको, अशी सरांची दुसरी अट होती. बरीच घासाघीस होऊन वाक्य झालं ते असं: 'या उत्तरात एका डोंगराचा समावेश आहे.' सलिलने खाली इंग्रजी भाषांतर दिलं. जर्मनीच्या माणसाने विचारलं, कोणता डोंगर? सरांनी भिंतीवरचा कागद काढून ठेवला.

शनिवारी नवी आवृत्ती बाहेर पडली. कॅलेंडरवाले खूश झाले, कारण त्यांना काही करायचं नव्हतं. सलिलने निशिगंधाला फोन केला. घंटीचं ॲप तिचं. चिपळूणची मुलगी, ठाण्याला नोकरी करून हे ॲप सांभाळते.

"एक ओळ बदलायची आहे फक्त," सलिल म्हणाला.

"तुला एक ओळ. मला ती बदलून ॲप स्टोअरवाल्यांकडे तपासायला टाकायचं, ते तीन दिवस घेणार, मग लोकांच्या मोबाईलवर उतरणार. आणि त्या काकूंच्या मोबाईलवर संदेशने आपोआप अपडेट बंद करून ठेवलंय, डेटा खातं म्हणून. म्हणजे तो गणपतीत गावी जाईल तेव्हा."

"अंगारकी मंगळवारी आहे गं."

"मग तू सरळ जुनंच दुरुस्त करायला हवं होतंस. नवं माणूस मागून घेतं, जुनं आपोआप पोचतं."

"सरळ दुरुस्त केलं असतं तरी तुझ्या ॲपातून ते तीन दिवसांनीच गेलं असतं ना?"

"गेलं असतं," ती म्हणाली. "पण मला शिव्या द्यायला तू मिळाला असतास."

तर हिशेब असा झाला. सगळ्यांचं सांभाळून घेतलं होतं, लाखो लोकांचं व्रत शाबूत होतं, जुनं मोडलं नव्हतं, नवं तयार होतं. आणि जिच्यासाठी हे सुरू झालं ती बाई मंगळवारी पान वाढून चौदा मिनिटं घंटीची वाट बघणार होती. संदेशने सोमवारी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा तो नुसता "बरं" म्हणाला.

मंगळवारी संध्याकाळी सर सलिलच्या खोलीत आले. "सावर्ड्याच्या बाईंचा नंबर दे."

"तुम्ही काय सांगणार?"

"d माझा आहे."

क्षितिजावरची वेळ झाली त्या क्षणी सरांनी पडवीत सलिलशेजारी बसून फोन लावला आणि आवाज मोठा केला, कारण त्यांना ऐकू कमी येतं. आत मालिनीकाकू नैवेद्याचं ताट घेऊन खळ्यात जायच्या बेतात होत्या. त्या दारात थांबल्या.

"विमलाबाई का? मी हरिहर, रत्नागिरीहून. तुमच्या मोबाईलमधला चंद्र मी घातलाय."

"कोण?"

"संदेशने सांगितलं असेल तुम्हाला."

"त्या पोराचं काय ऐकता. बोला."

"चंद्र उगवला. जेवून घ्या."

"घंटी नाय झाली."

"घंटी उशिरा होते. माझ्यामुळे. मी मोजताना चुकलो." गेले चार दिवस घरात जो शब्द कोणाला वापरू दिला नव्हता तो सरांनी सावर्ड्याला सहज देऊन टाकला.

"अस्सं," विमलाबाई म्हणाल्या. "तुमी जेवलात?"

"मी उपास करत नाही."

"मग तुमाला काय ठाव? घरात कोन करतं?"

"बायको."

"ती जेवली?"

सरांनी दाराकडे बघितलं. "नाही."

"का?"

"तिला अजून दिसला नाही. इथे डोंगर आड येतो."

"म्हंजे सवताची बायको उपाशी ठेवलीत नि मला सांगता जेव!" फोनमधून भांड्याचा आवाज आला. ताट बाजूला सरकवल्याचा असावा. "तुमची मानसं जेवली की सांगा. मी बसलेय. मला काय घाई नाय." हे बोलताना तिचा आवाज जरा जड पडला, आणि मधेच लागलेली धाप पडवीत सगळ्यांनी ऐकली.

मालिनीकाकूंनी लग्न होऊन या घरात आल्यापासून चंद्र बघितल्याशिवाय घास घेतला नव्हता. पावसाळ्यात ढग असले तर त्या खळ्यातून हलायच्या नाहीत, फारच झालं तर सासूबाई ओढून आत आणायच्या. सरांनी त्यांना जेव म्हटलं नाही. म्हणायची हिंमत नव्हती आणि म्हणून उपयोग नव्हता. त्यांनी नुसता फोन पुढे केला.

काकूंनी ताट खाली ठेवलं आणि फोन घेतला. "विमलाताई, मी मालिनी. ह्यांची बायको."

"बोला बाय."

"चंद्र उगवलाय. मला दिसत नाही, पण उगवलाय."

"तुमचा इस्वास हाय यांच्यावर?"

"ह्यांच्यावर नाही," काकू म्हणाल्या. "मुलाने तपासलंय."

सर खांबाकडे बघत राहिले.

"असं करू," काकू म्हणाल्या. "आपण दोघी एकदम जेवू. मी डोंगराकडे पाणी सोडते, तुम्ही तुमच्या चंद्राला सोडा. तुम्हाला दिसतोय ना?"

"मला दिसतोय की, समोरच हाय."

"मग सोडा. आणि फोन ठेवू नका."

काकूंनी डोंगराच्या काळ्या कडेकडे तोंड करून पाणी सोडलं, हात जोडले आणि पडवीतच ताटाशी बसल्या. भात कालवला. हात तोंडाशी नेऊन क्षणभर थांबल्या, पूर्वेकडे एकदा बघून घेतलं आणि घास घेतला.

"घेतला," त्या भरल्या तोंडाने म्हणाल्या.

फोनमधून बांगड्या वाजल्या आणि त्यानंतर जेवणाऱ्या माणसाचा आवाज आला. पुढची दहाएक मिनिटं पडवीत दोन बाया जेवत होत्या, त्यांतली एक सावर्ड्याला. वालाच्या बिरड्याला नारळ किती, मोदकाची उकड फाटते का, असल्या गोष्टी झाल्या. सलिल मध्येच उठून संदेशला 'जेवल्या' एवढंच लिहून आला. विमलाबाई दुसरा भात घेत असताना त्यांच्याकडे घंटी वाजली. "हा बघ, आता वाजतोय मेला," त्या म्हणाल्या आणि वाजू दिलं.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पुढच्या आठवड्यात निशिगंधाचं ॲप सुधारून आलं. संदेश गणपतीत गावी गेला आणि त्याने आईच्या मोबाईलवर ते चढवलंही. आता घंटी क्षितिजावर वाजणार होती, मिनिटाला मिनिट. तरी पुढच्या संकष्टीला घंटी वाजून गेल्यावर मालिनीकाकूंना सावर्ड्याहून फोन आला.

"घंटी झाली, पन खरं काय ते तुमी सांगा. तुमी जेवता काय?"

काकू जेवल्या. त्याच्या पुढच्या संकष्टीला विमलाबाईंच्या दोन शेजारणी आणि आटगावातली एक भाची, असे तीन फोन जास्तीचे आले. काकूंना त्या दिवशी खेडशीला हळदीकुंकवाला जायचं होतं. त्या गेल्या नाहीत. सलिलला म्हणाल्या, "हे बंद कसं करतात रे?"

"दीड वर्ष आधी सांगावं लागतं, आई. आणि दुसरी सोय करून द्यावी लागते."

"दुसरी कोण आहे इथे?"

दोघांनी सरांकडे बघितलं. सर पेपरात गेले.

परवाच्या संकष्टीला काकूंचे हात उकडीत होते तेव्हा फोन वाजला. सरांनी तो त्यांच्या कानाशी धरला. बाई अनोळखी होती. पोफळीच्या वसाहतीतून बोलत होती, नंबर कोणाकडून मिळाला ते तिला नीट सांगता आलं नाही. तिला फक्त जेवायचं होतं.

काकूंनी मान वाकडी करून फोन खांद्यावर दाबला, सरांना बाजूला व्हायची खूण केली आणि विचारलं, "तुमच्याकडे पूर्वेला डोंगर केवढा आहे?"